शाळेत सापांचा कार्यक्रम घेताय? आधी विम्याचं बघा

श्रावण लागला की आपल्या सर्पमित्रांना शाळांचे फोन सुरू होतात, सर नागपंचमीला या, पोरांना साप दाखवा. तयारी त्या फोनपासूनच सुरू करा. मुख्याध्यापकांना तिथेच सांगून टाका की जिवंत साप आणणार नाही, फोटो, व्हिडिओ आणि रबराचे साप आणतो. नाग, घोणस आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, वर्गात बरणी उघडली आणि काही घडलं तर गुन्हा दाखल होईलच पण बेकायदा कामाला कुठलीच पॉलिसी उभी राहत नाही, त्या लेकराची भरपाई कुठून देणार?

मग स्वतःची पॉलिसी काढून बघा. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जावर, व्यवसाय काय लिहिलाय? आमच्या एका मित्राच्या फॉर्मवर एजंटने नुसतं दुकानदार लिहिलं होतं, साप पकडायला (रेस्क्यूला) गेला आणि मण्यार चावली, सूज नाही की फारसं दुखणं नाही, तासाभराने पापण्या मिटायला लागल्या, सहा दिवस व्हेंटिलेटर. वाचला, पण कंपनीने विचारलं साप पकडता हे का लपवलं, आणि क्लेम गेला. म्हणून साप पकडतो, शाळांत कार्यक्रम करतो हे लेखी कळवा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या, एजंट तोंडी हो हो म्हणतो त्याला काही किंमत नाही.

बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा चालू आहे का ते बघा, वर्षाला फक्त 20 रुपये, 1 जूनच्या आसपास खात्यातून कटतात, तेव्हा बॅलन्स ठेवा. अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात, दवाखान्याचं बिल मात्र त्यात नाही, ते मेडिक्लेमवरच. सर्पदंशाला लगेचचा हॉस्पिटल रेकॉर्ड लागतो म्हणून केसपेपरवर सर्पदंश हा शब्द लिहूनच घ्यायचा.

प्रेक्षकांसाठी पब्लिक लायबिलिटी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, मागताना नीट बोला, कारण 1991 च्या कायद्याखालची त्याच नावाची पॉलिसी घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी असते, आपल्याला ती नको, नॉन इंडस्ट्रियलवाली, म्हणजे कारखान्यांसाठी नसलेली हवी. एका अपघाताची मर्यादा किती, वर्षाची किती आणि प्राण्यांमुळे झालेली इजा वगळली आहे का, हे तिन्ही विचारा.

कार्यक्रमाच्या दिवशी कोणीतरी हमखास पोत्यात साप घेऊन येतो. पोरांसमोर पोतं उघडू नका, बाजूला ठेवून 1926 ला वनखात्याला कळवा. सर्पदंशावरचं इंजेक्शन (अँटीव्हेनम) जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन विचारा, फोनवर आहे म्हणतात आणि फ्रीजमध्ये दोनच व्हायल (इंजेक्शनच्या बाटल्या) निघतात, उपचाराची सुरुवातच साधारण दहापासून असते.

आणि पॉलिसीची फाईल कुठे ठेवलीय ते घरी दाखवून ठेवा. त्या मित्राच्या बायकोने आयसीयूच्या दारातून शेजाऱ्यांना फोन करकरून कपाट उचकायला लावलं होतं.