कॅम्परमधला एसी बॅटरीवर जास्त वेळ चालवायचा असेल तर

अमेरिकन कॅम्परच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीच्या, छतावरचा १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे एसीच्या गार करण्याच्या क्षमतेचं माप) एसी साधारण १,३०० ते १,५०० वॅट खातो. २ किलोवॅट-तासांची पोर्टेबल बॅटरी त्यावर जेमतेम सव्वा तास टिकते. चारशे वॅटची सोलर पॅनेल्स भर उन्हातही तीनशेच्या आसपासच देतात, त्यामुळे नुसत्या उन्हावर हा एसी चालेल ही आशा सोडा.

१. रात्रीसाठी ५,००० बीटीयूचा छोटा खिडकी एसी वापरा. तो साडेचारशे वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे तीच बॅटरी साडेतीन-चार तास पुरते. कॉम्प्रेसर मध्ये मध्ये बंद होत राहिला तर आणखी जास्त.

२. फक्त झोपायची जागा जाड पडद्याने वेगळी करा आणि तेवढीच गार करा.

३. गाडी झाडाखाली लावा, पॅनेल्स मात्र लांब केबलवर उन्हात. छतावर घट्ट बसवलेल्या पॅनेल्सना ही सोय नाही, म्हणून मी घडीचीच घेईन.

४. छतावरचाच एसी हवा असेल तर सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं उपकरण) बसवून घ्या. नाहीतर कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या झटक्याने इन्व्हर्टर ट्रिप होतो.

बॅटरी बंद गाडीत, काचेतून ऊन येतं तिथे ठेवू नका. तापली की चार्जिंग थांबवते, आणि नेमकं भर दुपारी.