चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माळ्यावरचं पितळ काढताय?

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही हळदीकुंकू करता येतं, आणि आजीचं पितळ मिरवायला याहून चांगलं निमित्त नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: या दिवसाचा सगळा मेनूच आंबट. कैरीची डाळ आणि पन्हं बिनकल्हईच्या, म्हणजे आतून कथलाचा मुलामा नसलेल्या पितळेत ठेवलं की कळकतं, वर हिरवट झाक येते. एकदा हौसेने पितळी पातेल्यात पन्हं कालवलं होतं मी. अख्खं पातेलं मोरीत ओतावं लागलं.

भांडं आतून चांदीसारखं पांढरट दिसत असेल तर कल्हई शाबूत आहे. मधूनच पिवळं डोकावत असेल तर कल्हईवाला गाठा. नाहीच सापडला, तर वाटीत पळसाचा द्रोण बसवून त्यात डाळ वाढा. दिसतंही झकास. पन्हं मात्र मातीच्या माठात किंवा काचेच्या जगमध्ये.

भिजवलेले हरभरे ओटीत घालायचे म्हणून कोरडे निथळून पितळी परातीत ठेवले तरी चालतात. जुन्या तांब्यात आंब्याचा डहाळा, घंगाळात पाणी आणि वर मोगरा. मोगरा पाहुण्या यायच्या तासभर आधीच सोडा, नाहीतर कडा तपकिरी पडतात.

पितळ चिंच-मिठाने आदल्या दिवशी घासा आणि लगेच पुसून कोरडं करा, पाण्याचे डाग राहतात. कल्हईला मात्र तारेची घासणी लावू नका. रिकामं भांडं गॅसवरही तापवू नका. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं.