मेशला वायर जोडली तरी स्पीड येत नाही? आधी टोकं बघा

रत्नागिरी आणि आसपास मी लॅनची आणि सीसीटीव्हीची कामं करतो. आमच्याकडची जुनी घरं चिऱ्याची, भिंती जाड. ओटीवर वायफाय फुल्ल आणि माजघर ओलांडलं की एक काडी, हे घरोघरचं दुखणं. त्यामुळे मेश, म्हणजे घरभर एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, घेतलं तरी एका डब्यापासून दुसऱ्यापर्यंत वायर ओढावीच लागते. कंपन्या तिला इथरनेट बॅकहॉल म्हणतात. वायर धड असेल तर माडीवरही खालच्यासारखंच नेट चालतं. धड नसेल तर डबा गुपचूप हवेतून जोडला जातो, दिवा लागलेलाच राहतो, आणि गणपतीत मुंबईची मंडळी घरी आली की मला फोन येतात.

फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "अहो, सगळं रिसेट करून झालं." रिसेट सगळ्यात शेवटी. तुटलेली तार रिसेटने जुळत नाही, वर टीव्ही आणि कॅमेरे पुन्हा जोडायचा ताप.

सुरुवात मेशच्या ॲपपासून करा. लांबच्या डब्यावर टॅप केलं की तो वायर्ड आहे की वायफायवर, ते बहुतेक ॲपमध्ये दिसतं. वायर लावलेली असून वायफाय दिसत असेल, तर वायर तशीच ठेवून डबा एकदा बंद-चालू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. डबा नवा असेल तर आधी मेन डब्याशेजारी ठेवून ॲपमध्ये जोडून घ्या, मग वर नेऊन वायर लावा. कोरा डबा थेट वायरीला लावला तर काही मेशमध्ये तो मेनला ओळखतच नाही.

आता लॅपटॉप आणा. लांबच्या डब्याची वायर काढून लॅपटॉपच्या लॅन पोर्टला लावा आणि लॅपटॉपचं वायफाय आठवणीने बंद करा, नाहीतर मोजताय एक आणि बघताय भलतंच. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली इथरनेट उघडलं की लिंक स्पीड लिहिलेला असतो. तिथे १००० दिसलं तर वायर बहुतेक बरी. १०० दिसलं तर दुखणं सापडल्यातच जमा आहे. तुमचा प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा असेल आणि स्पीड टेस्ट दरवेळी ९३-९४ वर येऊन अडत असेल, तर तेही याच शंभराच्या लिंकचं लक्षण. प्लॅनच शंभराचा असेल तर स्पीड टेस्टवरून हे कळणार नाही, लिंक स्पीडच बघावा लागेल.

शंभरावर का अडतं? लॅन वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी पिनेला टेकली नाही, तरी बहुतेक यंत्रं तक्रार न करता शंभरावर उतरतात. दिवा लागतो, नेट चालतं, कुणाला पत्ता नसतो.

म्हणून टोकं. कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग, उजेडात धरा आणि प्लास्टिकच्या आरपार बघा. आठही तारा अगदी पुढच्या भिंतीपर्यंत पोचल्या पाहिजेत. पिना वर, क्लिप खाली, तोंड तुमच्यापासून दूर असं धरलं की डावीकडून रंग असे हवेत: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा बी क्रम. दोन्ही टोकांना हाच ठेवा. बाहेरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत, मागच्या दाबपट्टीखाली गेलेलं पाहिजे. ते बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो आणि झाडलोटीत डबा दोनदा सरकला की एक तार सुटते.

एक चूक मात्र टेस्टरलाही (तारा तपासायच्या यंत्रालाही) चकवते. लाईटच्या कामातला माणूस लॅन क्रिंप करतो, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवतो, तेव्हा रंग ओळीने लावतो: केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच. टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात आणि तो म्हणतो, "बघा, ओके आहे." पण ३ आणि ६ या पिना मिळून एक जोडी असते, आणि इथे ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा येऊन बसतो. एकमेकींना पीळ दिलेल्या तारा वेगळ्या पडल्या की शेजारच्या जोडीचा सिग्नल त्यात मिसळतो. वायर तोकडी असेल तर कसंबसं भागतं, लांब असेल तर लिंक तुटत-जुळत राहते. स्वस्तातला टेस्टर फक्त तार सलग आहे का एवढंच सांगतो, जोडी बरोबर आहे का ते नाही. रंग डोळ्यांनीच वाचायचे.

मधूनच नेट जाण्याची तक्रार असेल तर लॅपटॉपवरून मेन डब्याच्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) सतत पिंग, म्हणजे उत्तर येतंय का ते विचारणारी कमांड, चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणाला दोन्ही टोकांचे कनेक्टर हलके हलवायला सांगा. भिंतीत आयओ बॉक्स (लॅनचा सॉकेट) असेल तर त्याचं झाकण काढून आतल्या तारा पण. ज्या क्षणी टाइम आउट (उत्तर नाही) येईल, ते टोक कापा आणि नवा कनेक्टर मारा. जुनाच दाबून बघू नका. भिंतीआड कनेक्टरऐवजी पंच केलेला (तारा खाचांत दाबून बसवलेला) जॅक आणि पुढे तयार पॅच कॉर्ड (छोटी वायर), हे जास्त टिकतं.

कनेक्टर बदलताना तार ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबं आणि आतून चंदेरी निघालं तर ते ॲल्युमिनियम आहे. अशी वायर स्वस्त मिळते, दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि आमच्या खाऱ्या दमट हवेत तिची टोकं लवकर खराब होतात. ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. गिगाबिटसाठी अख्ख्या तांब्याची कॅट ५ई पुरते, १०० मीटरपर्यंत. कॅट ६ घेतली तर हरकत नाही, पण खराब क्रिंपिंग कॅट ६ नेही सुधारत नाही.

वायर बरी निघाली तर जोडणीचा क्रम तपासा. नेटवाल्याच्या ओएनटीमधून (त्याची फायबर जिथे येते तो डबा) मेन डबा, मेनच्या दुसऱ्या पोर्टमधून स्विच (एका वायरीच्या अनेक वायरी करणारा डबा), आणि स्विचमधून बाकीचे डबे. जवळ पडतो म्हणून दुसरा डबा थेट ओएनटीला लावलेला मला बऱ्याच घरांत दिसतो. मेन डबा राउटर मोडमध्ये असेल तर त्याचं नेटवर्क वेगळं, ओएनटीचं वेगळं. दुसरा डबा भलत्याच घरात जाऊन बसतो. गूगलच्या मेशमध्ये तर बाकीचे डबे मेनच्या पुढेच जोडावे लागतात. ओएनटीचे पोर्टही वाचून घ्या: जीई लिहिलेला गिगाबिट, एफई लिहिलेला शंभराचा. मेन डबा जीईलाच हवा.

घरातलं सगळंच नेट अचानक बसलं आणि स्विचचे सगळे दिवे एकदमच वेड्यासारखे फडफडायला लागले, तर कुठेतरी लूप झालाय. एकाच डब्यातून त्याच स्विचला दोन वायरी गेल्या, किंवा स्विचची वायर स्विचमध्येच परत आली. एकेक वायर काढत जा, जी काढल्यावर दिवे शांत होतील ती परत लावू नका.

स्विचबद्दल दोन गोष्टी. कॅमेऱ्यांचा जुना पीओई स्विच (लॅन वायरीतूनच वीज देणारा) मेशला वापरायचा मोह टाळा. त्याचे पोर्ट बरेचदा शंभराचे असतात, आणि काही स्वस्त स्विच समोर काय जोडलंय ते न विचारताच तारेत करंट सोडतात, त्याने डबा जळू शकतो. दुसरं म्हणजे स्विचचा ॲडॉप्टर टीव्हीच्या बोर्डवर लावू नका. रात्री आजी सगळी बटणं बंद करतात, माडीवरचा डबा वायफायवर जातो आणि सकाळी "रात्री नेट स्लो होतं" अशी तक्रार येते. इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

मॅनेज्ड स्विच (ज्याच्या सेटिंग्ज बदलता येतात तो) असेल तर तो काढून साधा गिगाबिट स्विच लावून बघा; काही मेश एकमेकांना ओळखायला जे पॅकेट पाठवतात ते सगळेच स्विच पुढे जाऊ देत नाहीत. हे सगळं करूनही अडलं तर फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, आणि मग हवं तर रिसेट.

राहिली बाहेरून नेलेली वायर. घरातून आउटहाऊसला किंवा गच्चीवरून माडीला जाणारी वायर काळ्या जॅकेटची, बाहेरच्या वापराचीच हवी. आतली करडी वायर उन्हाने तडकते, पावसाचं पाणी जॅकेटच्या आतून चालत थेट कनेक्टरपर्यंत येतं आणि पिनांवर हिरवट थर दिसतो. भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून जाईल. २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपात लॅन घालायची नाही. सिग्नलचं सोडा, तो जिवाचा धोका आहे.

मे अखेरीला आणि परतीच्या पावसात इकडे विजा फार. बाहेरून गेलेल्या तांब्याच्या वायरीने दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. पोर्टचा दिवाच लागत नसेल आणि दुसऱ्या पोर्टला तीच वायर चालत असेल, तर तो पोर्ट गेला, वायरीचा दोष नाही. दोन इमारतींमध्ये मी आता फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टरच (फायबर लॅन वायरीला जोडणारे डबे) टाकतो. काचेतून वीज येत नाही. तांबंच असेल तर ढग गडगडायला लागल्यावर वायरीला हात लावायला जाऊ नका. आकाश भरून येताना दिसलं, की तेव्हाच दोन्हीकडून काढून ठेवा.