नशेचा बचाव: कलम २४ मधली मेख

कायद्याच्या परीक्षेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २३ एका संध्याकाळी वाचून होतं. कुणी नकळत किंवा जबरदस्तीने नशा दिली आणि आपण काय करतोय हेच कळेनासं झालं, तर बचाव मिळतो. स्वतःहून प्यायलेल्याला नाही. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ८५ तेच. पुढे चला.

मेख आहे ती २४ मध्ये, म्हणजे जुन्या ८६ मध्ये. मी तिथेच अडकले होते, म्हणून सविस्तर सांगते. कलमाच्या पहिल्या भागात जाणीव आणि उद्देश दोन्ही आहेत. दुसऱ्या भागात प्यायलेल्याला शुद्धीतल्या माणसासारखं धरलंय, पण फक्त जाणिवेपुरतं. तिथे उद्देश नाही. म्हणजे जाणीव कायदाच गृहीत धरतो. उद्देश मात्र पुराव्यातून, नशा किती चढली होती ते बघून ठरवायचा. गाईडमध्ये ‘स्वेच्छेने केलेली नशा हा बचाव नाही’ एवढंच छापलेलं असतं. त्यावर विसंबलात तर मार्क गेलेच समजा.

बासदेव विरुद्ध पेप्सू (तेव्हाचं पतियाळा व पूर्व पंजाब संस्थान संघ) राज्य, १९५६ चा खटला. व्हॉट्सॲपवरचा सारांश नको, मूळ निकाल वाचा, फार मोठा नाही. लग्नातलं दुपारचं जेवण. लष्करातून निवृत्त झालेला जमादार बासदेव पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जरा सरकायला सांगतो. मुलगा हलत नाही, तर हा पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घालतो. प्यायलेला होता, अधूनमधून झोकांड्याही जात होत्या. पण आपल्या पायांनी आला, जागा स्वतः निवडली, गोळी झाडून पळायला निघाला आणि धरल्यावर माफी मागू लागला. एवढं करणाऱ्याला उद्देश बाळगताच येत नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही. खुनाचा दोष कायम राहिला. उत्तरात हे तपशील लिहा, नुसतं नाव नको.

याच्या शेजारी अलिस्टर परेरा खटला ठेवा: २००६, वांद्र्याचा कार्टर रोड, दारू पिऊन चालवलेली गाडी, फुटपाथवर झोपलेले सात मजूर ठार. तिथे उद्देशाची गरजच पडली नाही. जाणिवेवर जुन्या दंड संहितेचं कलम ३०४ भाग दोन (मृत्यू ओढवू शकतो हे माहीत असताना केलेला सदोष मनुष्यवध) टिकलं, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही.

पहिल्या वाचनात डोकं गरगरतं, सगळ्यांचंच. घाबरू नका. सीनियर ‘पुढे कळेल’ म्हणाले तरी थांबू नका. त्यांच्याकडे वेळ नसतो, बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, तुमच्या हातात आहे. प्रश्न आला की आधी गुन्ह्याची व्याख्या काढा, तिला जाणीव पुरते की उद्देशच लागतो ते बघा, मगच दारूकडे वळा.