पोर्ट्रेट फिल्ममध्ये सगळ्या तऱ्हेची माणसं हवीत? मग आधी लाईट आणि एडिटकडे बघा

पोर्ट्रेट फिल्म म्हणजे स्टोरी नाही, डायलॉग नाही, एक माणूस कॅमेऱ्यासमोर बसलाय आणि आपण त्याच्याकडे बघतोय, बस एवढंच. अमेरिकन पॉप आर्टिस्ट अँडी वॉरहॉलने 1964 ते 66 मध्ये असे चारशेच्या वर पोर्ट्रेट शूट केले, त्यांना स्क्रीन टेस्ट म्हणतात, शूट सेकंदाला 24 फ्रेमने आणि दाखवायचे 16 ने, म्हणजे सगळं हळू दिसतं, त्यामुळे नुसती पापणी लवली तरी काहीतरी घडल्यासारखं वाटतं. पण त्यात दिसतं कोण? बहुतेक त्याच्या स्टुडिओत ये-जा करणारी मंडळी. आपणपण कोणाला बोलवायचं हे न ठरवता सुरू केलं की ओळखीपाळखीचेच चेहरे येणार, दुसरं काय.

म्हणून आधी यादी करा, पण एक म्हातारी, एक व्हीलचेअरवाला, एक ट्रान्स व्यक्ती असं एकेक नग गोळा करू नका, ते फॅन्सी ड्रेससारखं दिसतं. एका गटातले निदान दोघं-तिघं घ्या, म्हणजे एकट्या माणसावर सगळ्या समाजाचं ओझं येत नाही.

आता लाईट, कारण खरी गडबड इथेच होते आणि कोणाच्या लक्षातपण येत नाही. फिल्म रोलच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं शर्ली कार्ड, म्हणजे नमुन्याचा फोटो, असायचं, त्यावर कित्येक वर्षं गोरीच बाई, त्यामुळे सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे डिटेल्स गायब व्हायचे. त्या सवयी अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, झेब्रा (ठरावीक उजेडाच्या भागावर कॅमेरा स्क्रीनवर दाखवतो ते पट्टे) 70 वर ठेवा हा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो गोऱ्या स्किनसाठी आहे, काळ्या स्किनला तोच लावलात तर चेहरा ओव्हर होऊन फिकट, धुतल्यासारखा दिसेल. ऑटो एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते कॅमेराच ठरवतो ती सोय, तर बंदच करा, मागे पांढरी भिंत असली की कॅमेरा भिंत सांभाळतो आणि माणूस काळोखात जातो. गडद त्वचेला नुसती पॉवर वाढवून उपयोग नाही, मोठा सॉफ्ट सोर्स (पसरट, मऊ उजेड देणारा लाईट) बाजूने द्या नाहीतर पांढरा बोर्ड जवळ आणा, त्याचं रिफ्लेक्शन गालावर, कपाळावर पडलं की चेहऱ्याला आकार येतो. मागची भिंत मिडल ग्रे (ना फार गडद ना फार फिकट अशी राखाडी) ठेवलीत तर बरीच डोकेदुखी वाचते. सगळ्यांना एकच सेटिंग म्हणजे समानता असं काही नसतं हो, प्रत्येकासाठी पाच मिनिटं टेस्ट घ्या.

कॅमेऱ्याची उंची डोळ्यांच्या लेव्हलला, मग समोरचा बुटका असो, लहान मूल असो की व्हीलचेअरवर असो, वरून शूट केलं की बघणाऱ्याला आपोआप कीव यायला लागते. ऐकू न येणारी व्यक्ती असेल तर इंटरप्रिटर लेन्सच्या अगदी शेजारी उभा करा. दिसत नसलेल्या माणसाला लेन्सकडे बघाच म्हणून छळू नका, नजर जिथे असेल तिथे असू दे.

एडिटमध्ये मात्र कडक राहा. प्रत्येकाला तीन मिनिटं तर तीनच, कोणी रडलं म्हणून त्याला पाच आणि कोणी नुसतं बसून राहिलं म्हणून दीड असं केलं की कोण महत्त्वाचं ते तुम्ही ठरवून मोकळे झालात. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. गरीब दिसणाऱ्या माणसाखाली सारंगी-बिरंगी तर अजिबात नको, म्युझिक असेल तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. कॅप्शनचंपण तेच, एकाचं नाव आणि दुसऱ्याचा नुसता आजार किंवा जात-धर्म असं चालणार नाही.

संमतीपत्र त्या माणसाला समजेल त्या भाषेत हवं, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, मानधन सगळ्यांना सारखं आणि ते शूटच्याच दिवशी. एडिट लॉक, म्हणजे पक्का, व्हायच्या आधी प्रत्येकाला त्याचा भाग दाखवा, आणि नको म्हणायला एक ठरलेली तारीख द्या. नुसतं "चालेल ना?" विचारलं तर समोरचा भिडेखातर हो म्हणतो, त्यापेक्षा यातलं काय काढू असं विचारा, आणि सांगितलं की काढा, शॉट कितीही भारी असला तरी.