डायच्या खुणांवरून दुर्मीळ प्रूफ नाणे ओळखणे आणि नव्या शोधाचे श्रेय नोंदवणे

प्रूफ नाण्याची, म्हणजे घासून चकचकीत केलेल्या डायने खास पाडलेल्या नाण्याची, परीक्षा त्याच्या चकाकीवरून करू नये. चकाकी घासून आणता येते आणि हाताळणीने जातेही. डायवर, म्हणजे नाणे पाडण्याच्या कोरीव साच्यावर, राहिलेली खूण मात्र त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर उमटते, आणि डाय झिजेपर्यंत किंवा पुन्हा घासली जाईपर्यंत टिकते. अमेरिकेतील १८५६ सालचा ‘फ्लाइंग ईगल’ (उडत्या गरुडाचा) सेंट हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. जेम्स लाँगेकर यांनी रेखाटलेली ही नाणी आधी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना दाखवण्यासाठी पाडली गेली. पुढे संग्राहकांकडून मागणी वाढल्यावर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने तेच साल घातलेली प्रूफ नाणी नंतरच्या वर्षांतही पाडली. त्यामुळे नाण्यावरचे साल एकच असले तरी ते पाडले केव्हा, हे पुढच्या व मागच्या बाजूच्या डायच्या जोडीवरूनच ठरवावे लागते.

सुरुवात वजनापासून करावी. अस्सल नाणे ८८ टक्के तांबे व १२ टक्के निकेल यांचे असून त्याचे वजन सुमारे ४.६७ ग्रॅम आणि व्यास १९ मिलिमीटर असतो. मात्र १८५८ च्या सेंटचे वजन व धातू तेच असल्याने, त्यातील शेवटचा आकडा कोरून १८५६ केलेले बनावट नाणे या चाचणीत सहज पार होते. त्यासाठी दहापट भिंगातून ५ चा आकडा पाहावा. अस्सल १८५६ मध्ये ५ ची उभी रेघ मनातल्या मनात खाली वाढवली, तर ती ५ च्या खालच्या टोकाशी असलेल्या गोळ्याच्या मध्यावर येते. १८५८ मध्ये ती गोळ्याच्या बाहेर जाते. शिवाय ८ चा ६ करताना ६ चा तळ जाड राहतो. एवढ्या दोन गोष्टी नीट पाहिल्या तरी बरीच बनावट नाणी तिथेच बाजूला होतात.

यानंतर डायच्या खुणा शोधाव्यात, आणि येथे सर्वांत महत्त्वाचा नियम उंचसखलपणाचा आहे. डायवर ओरखडा पडला, तडा गेला किंवा गंजाने खळगा झाला, की नाण्यावर ती खूण उठून दिसते. नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा मात्र आत गेलेला असतो. प्रूफसाठी डायचे सपाट पृष्ठ घासले जाते, म्हणून घासल्याच्या रेषा नाण्याच्या मोकळ्या भागावर उठावदार दिसतात आणि चित्राच्या किंवा अक्षराच्या कडेशी थांबतात. नाणे साफ करताना पडलेल्या रेषा आत गेलेल्या असतात आणि चित्रावरूनही बेधडक पुढे जातात. दिवा एका बाजूने, तिरपा धरून नाणे हळूहळू फिरवले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. समोरून पडणाऱ्या प्रखर प्रकाशात तो हरवतो.

त्या काळी सालाचे आकडे प्रत्येक डायमध्ये वेगळे ठोकले जात असल्याने त्यांची कडेपासूनची जागा व कल डायगणिक बदलतो. दोन्ही बाजूंच्या खुणा स्वतंत्रपणे टिपून मगच जोडी ठरवावी. एखादी मागची डाय १८५८ च्या नाण्यावर निर्दोष आणि १८५६ च्या नाण्यावर तडकलेली दिसली, तर ते १८५६ चे नाणे नंतर पाडलेले आहे, हे सिद्ध होते. १८२७ च्या पाव डॉलरमध्ये मागील बाजूच्या ‘२५’ मधील २ चा पाया वळलेला असेल तर नाणे मूळचे असते. सपाट पायाचा २ असलेली नाणी १८१९ ची मागची डाय वापरून नंतर पाडलेली आहेत. मुंबई व कोलकाता टांकसाळींतही ब्रिटिशकालीन जुन्या डायवरून प्रूफ नाणी पुन्हा पाडली गेली आहेत, तेव्हा आपल्या संग्राहकांनी हीच पद्धत त्यांना लावून पाहावी.

अभ्यासकांनी केलेल्या डायजोड्यांच्या यादीत नसलेली खूण सापडली तर घाई करू नये. त्याच डायचे दुसरे नाणे मिळेपर्यंत ती खूण डायचीच आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. खुणेची जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि जवळच्या अक्षराच्या आधाराने लिहावी. दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन आणि डायची अवस्था सोबत ठेवावी.

श्रेयाच्या बाबतीत एक जुनी उणीव मला खटकते. फ्लाइंग ईगल सेंटच्या डायजोड्यांना रिचर्ड स्नो यांचे, सुरुवातीच्या काळातील अर्ध्या डॉलरच्या प्रकारांना ओव्हर्टन यांचे आणि मॉर्गन डॉलर या चांदीच्या अमेरिकी नाण्याच्या प्रकारांना व्हॅन ॲलन व मॅलिस यांचे नाव लाभले आहे. म्हणजे क्रमांकात यादीकाराचे नाव राहते, ज्याच्या नजरेने ती जोडी प्रथम हेरली त्याचे नाव तेथे नसते. यादीकारांचे श्रम थोर आहेतच, पण म्हणूनच प्रथम ओळखणारा, नाण्याचा मालक, छायाचित्र काढणारा आणि पडताळणी करणारा ही चार नावे वेगवेगळी लिहावीत. मालकाचे नाव त्याच्या संमतीशिवाय देऊ नये. प्रथम कळवल्याची तारीख अवश्य द्यावी, आणि पुढे कोणाची त्याहून जुनी, पुराव्यानिशी केलेली नोंद मिळाली तर प्रथम शोधाचा मान त्या व्यक्तीकडे वळवून नंतरच्या शोधकाचे नाव स्वतंत्र शोधक म्हणून कायम ठेवावे.