‘करण्यात यावा’ने घातलेला घोळ

रजेच्या नियमांचं पत्रक मी लिहिलं आणि रोज तोच प्रश्न यायला लागला: अर्ज नक्की कोणाकडे, कधी द्यायचा? माझं वाक्य होतं, ‘सदर अर्ज विहित मुदतीत संबंधितांकडे सादर करण्यात यावा.’ मोठ्याने वाचलं तेव्हा कुठे खटकलं. यात कर्ताच नाही! मग बदललं: ‘रजेच्या ७ दिवस आधी तुमच्या विभागप्रमुखांना अर्ज द्या.’ ‘सदर’, ‘विहित’, ‘उपरोक्त’ सगळे हाकलले. (‘सदर’ जाताना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.) ‘अन्यथा’ ठेवला, तो सगळ्यांना कळतो. शेवटी नव्या सहकारिणीला वाचायला देऊन विचारलं, ‘आता तू काय करशील?’ ती एकाच जागी अडली: ७ दिवस सुट्ट्या धरून की सोडून? तेही लिहून टाकलं.